जन्मवजनाची साक्ष : ताज्या व गोठविलेल्या भ्रूणांच्या तुलनेचा इतिहास

१

मूल जन्मास आले की त्याचे वजन करावयाचे आणि ते नोंदवहीत लिहून ठेवावयाचे, ही प्रथा आज इतकी रूढ झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रसूतिगृहातील तराजू, परिचारिकेची वही आणि तीत उतरलेला एक आकडा, एवढाच तो व्यवहार. परंतु शरीराबाहेर फलित झालेल्या स्त्रीबीजापासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत याच साध्या आकड्याने गेल्या चार-पाच दशकांत एक महत्त्वाचा वाद उपस्थित केला, आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

वादाचे स्वरूप थोडक्यात असे. प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण त्याच मासिक चक्रात मातेच्या गर्भाशयात ठेवला, तर जन्मणारे मूल सरासरीने काहीसे हलके भरते. याला ताजे भ्रूणरोपण म्हणतात. तशाच भ्रूणाला द्रव नायट्रोजनच्या शीत तापमानात गोठवून ठेवले आणि पुढील एखाद्या चक्रात त्याचे रोपण केले, तर मूल सरासरीने अधिक वजनाचे होते. गोठविण्यासारख्या कठोर प्रक्रियेतून गेलेल्या जिवाने अधिक पुष्ट व्हावे, हे वरवर पाहता विपरीत वाटते. त्याची कारणमीमांसा वैद्यकशास्त्राची आहे. तथापि, ही कारणमीमांसा कोणत्या क्रमाने बदलत गेली, पुराव्याचा अन्वयार्थ कसा लावला गेला आणि तो का बदलावा लागला, हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याच बाजूचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट नमूद करणे इष्ट होईल. या सर्व इतिहासात वजनाचे आकडे मोठ्या प्रमाणात खोटे ठरले असे झालेले नाही. बदलत गेली ती तुलना. हे मूल हलके आहे, असे म्हणताना ते कोणापेक्षा हलके, हा प्रश्न गृहीत धरलेला असतो; आणि तो प्रश्न बदलला की उत्तरही बदलते. अस्सल कागदाचाच आधार घ्यावा, हा आग्रह इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याकडे रुजविला. परंतु कागद अस्सल असला तरी त्याला योग्य प्रश्न विचारला नाही, तर तो चुकीची साक्ष देऊ शकतो. जन्मवजनाचा इतिहास हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

२

जन्मवजनाला निकषाचे स्वरूप प्राप्त झाले ते विसाव्या शतकात. फिनलंडमधील बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्यो यांनी १९१९ मध्ये २५०० ग्रॅम ही मर्यादा सुचविली. त्याहून कमी वजनाचे मूल अकाली जन्मलेले समजावे, असा त्यांचा अभिप्राय होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेने हीच मर्यादा स्वीकारली. पुढे अनुभवान्ती असे दिसून आले की, हलके मूल आणि अकाली जन्मलेले मूल ही दोन्ही एक नव्हेत. पुरे दिवस भरूनही काही मुले हलकी असतात, तर काही अकाली जन्मूनही आपल्या दिवसांच्या मानाने योग्य वजनाची असतात. म्हणून १९६१ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘अकाली जन्म’ आणि ‘कमी जन्मवजन’ या संज्ञा अलग केल्या. एका आकड्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत, हे ओळखण्यास अशा रीतीने चार दशके लागली. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जन्मवजनाच्या जुन्या वह्यांना अनपेक्षित महत्त्व आले ते डेव्हिड बार्कर यांच्या संशोधनामुळे. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्याधिकारी बाईंनी १९११ पासून नवजात मुलांची वजने पद्धतशीरपणे नोंदविण्याची व्यवस्था लावली होती. हेतू तात्कालिक होता. बालमृत्यू कमी व्हावेत एवढाच. त्या खातेवह्या अनेक दशकांनंतर बार्कर यांच्या हाती आल्या. त्यांतील मुलग्यांचे पुढे काय झाले याचा शोध घेता, जन्मतः व पहिल्या वर्षी कमी वजन असलेल्यांत प्रौढपणी हृद्रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेतील परिस्थितीचा ठसा आयुष्यभर टिकतो, ही कल्पना त्यातून पुढे आली. साहजिकच, ज्यांची गर्भावस्था काचपात्रात सुरू झाली अशा मुलांच्या जन्मवजनाकडे पाहण्याची दृष्टीही गंभीर झाली. शंभर-दीडशे ग्रॅमांचा फरक आता केवळ प्रसूतिगृहापुरता राहिला नाही.

३

शरीरबाह्य फलनाचा प्रत्यक्ष इतिहास १९७८ पासून सुरू होतो, आणि नवलाची गोष्ट अशी की, ताजे व गोठविलेले असे दोन्ही मार्ग त्याच एका वर्षी दृष्टीस पडतात.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे लुईज ब्राउन हिचा जन्म झाला. वजन ५ पौंड १२ औंस, म्हणजे सुमारे २.६ किलोग्रॅम. रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांच्या दीर्घ प्रयत्नांचे ते फळ होते. या यशाच्या आधीची वर्षे अपयशाची होती, आणि त्या अपयशाचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे हाती यावीत म्हणून हे संशोधक आरंभी स्त्रियांना संप्रेरके देऊन अंडाशयांचे उद्दीपन करीत असत. बीजे मिळत, त्यांचे फलनही होई, परंतु रोपण केलेला भ्रूण रुजत नसे. औषधांमुळे चक्राचा उत्तरार्ध बिघडतो आणि गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाचे स्वागत करण्याच्या स्थितीत राहात नाही, असा संशय एडवर्ड्‌स यांना आला. अखेरीस त्यांनी उद्दीपन सोडून दिले आणि स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात आपोआप पक्व होणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवली. त्या मार्गाने यश आले.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कलकत्त्यास आणखी एका मुलीचा जन्म झाला. तिला ‘दुर्गा’ या नावाने ओळखले गेले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी शीतविज्ञानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांच्या साहाय्याने हा प्रयोग केला होता. त्यांनीही संप्रेरकांनी अंडाशयांचे उद्दीपन केले. परंतु तयार झालेला भ्रूण त्याच चक्रात गर्भाशयात न ठेवता त्यांनी तो गोठविला, त्रेपन्न दिवस ठेवला आणि पुढे एका नैसर्गिक चक्रात त्याचे रोपण केले, असे त्यांचे निवेदन होते. या कामाची एक संक्षिप्त टीप ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’मध्ये १९७८ मध्येच प्रसिद्ध झाली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक साम्य स्पष्ट होते. दोघांपुढे अडचण एकच होती : ज्या महिन्यात औषधांनी बीजे पिकवावयाची, तो महिना गर्भ रुजण्यास अनुकूल नसतो. एडवर्ड्‌स यांनी त्यावर उपाय म्हणून औषध सोडले. मुखोपाध्याय यांनी औषध ठेवले, परंतु तो महिना सोडला. पहिला उपाय काही वर्षांतच बहुतेक सर्वत्र मागे पडला. दुसरा उपाय मात्र तीन दशकांनंतर जगभर रूढ झाला. आज ज्याला ‘सर्व भ्रूण गोठविण्याचे धोरण’ म्हणतात त्याचा आराखडा मुखोपाध्याय यांच्या कृतिक्रमात पूर्णपणे दिसून येतो.

त्यांच्या वाट्याला जे आले ते सर्वश्रुत आहे. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने त्यांचा दावा अमान्य केला. पुढे त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कामाचे पुनर्मूल्यांकन ज्यांनी घडवून आणले त्यांचा संबंध मुंबईशी आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथील प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षा या मुलीचा जन्म झाला. भारतातील पहिली शास्त्रीय रीत्या नोंदविलेली परीक्षानलिका-बालिका म्हणून तिची गणना होऊ लागली. परंतु १९९७ मध्ये आनंदकुमार यांनी मुखोपाध्याय यांची टिपणे तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, असे ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केले. स्वतःकडे आलेला मान पुराव्याच्या आधारे दुसऱ्याच्या पदरात टाकणारी अशी उदाहरणे विद्येच्या इतिहासात विरळाच. २००२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्याय यांच्या कार्यास मान्यता दिली.

४

१९८० नंतरच्या काळात अंडाशयांचे उद्दीपन हा या उपचाराचा नित्य भाग बनला. एका बीजावर विसंबण्यापेक्षा आठ-दहा बीजे मिळविणे व्यवहारदृष्ट्या सोयीचे होते, आणि चक्राच्या उत्तरार्धात पूरक संप्रेरके देऊन रोपणही साधू लागले. मात्र यातून एक नवीन प्रश्न निर्माण झाला. सर्वच भ्रूण एकाच वेळी गर्भाशयात ठेवणे धोक्याचे. मग उरलेल्यांचे काय करावयाचे? गोठविण्याच्या तंत्राची गरज भासली ती या उरलेल्या भ्रूणांमुळे.

तंत्राची पूर्वपीठिका तयार होती. पोल्ज, स्मिथ व पार्क्‌स या इंग्रज संशोधकांनी १९४९ मध्ये ग्लिसरॉलच्या साहाय्याने कोंबड्याची शुक्रबीजे गोठवून जिवंत ठेवता येतात असे दाखविले होते. पेशीतील पाण्याचे स्फटिक होऊन तिची आवरणे फाटतात, हा गोठविण्यातील मुख्य धोका. ग्लिसरॉलसारखी हिमरक्षक द्रव्ये तो टाळतात. १९७२ मध्ये व्हिटिंगहॅम, लिबो व मेझर यांनी उंदरांचे भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत व त्याखालीही नेऊन पुन्हा जिवंत केले. मानवी भ्रूणाच्या बाबतीत मेलबर्न येथील ट्राउन्सन व मोर यांनी १९८३ मध्ये गर्भधारणेची नोंद केली. ती गर्भधारणा पूर्णत्वास गेली नाही; परंतु १९८४ मध्ये मेलबर्न येथे व नेदरलंड्समध्येही गोठविलेल्या भ्रूणांपासून मुले जन्मास आली. १९८५ मध्ये रॉल व फाही यांनी उंदरांच्या भ्रूणांवर काचीभवनाची पद्धत यशस्वी करून दाखविली. तीत पाण्याचा स्फटिक होऊच न देता द्रवाचे एकदम काचेसारखे घनरूप केले जाते. पुढे हीच पद्धत मानवी भ्रूणांसाठी सर्वत्र स्वीकारली गेली.

या काळात गोठविलेल्या भ्रूणाकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी भीतीची होती. गोठविण्याने पेशींना इजा होईल आणि मूल दुर्बल निपजेल, अशी शंका घेतली जाई. ताजा भ्रूण हा पहिल्या प्रतीचा आणि गोठविलेला हा नाइलाजाने वापरावयाचा दुसऱ्या प्रतीचा, असा क्रम मनात पक्का झाला होता. पुढे जे आकडे हाती आले त्यांचा अर्थ लावण्यास इतका वेळ लागला, याचे एक कारण हा पूर्वग्रह होय.

५

पहिला धक्का मात्र ताज्या भ्रूणांच्या बाजूने बसला. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील केंद्रांचा एकत्रित अहवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरबाह्य फलनानंतरच्या गर्भधारणांत अकाली प्रसूतीचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे त्यात दाखविले होते. याचे स्पष्टीकरण लगेच सुचण्यासारखे होते. एकाहून अधिक भ्रूण ठेवल्याने जुळी व तिळी मुले होत. ती लवकर जन्मत आणि हलकी असत. त्यामुळे भ्रूणांची संख्या कमी केली की प्रश्न सुटेल, अशी बराच काळ समजूत राहिली.

ती समजूत अपुरी असल्याचे २००२ मध्ये स्पष्ट झाले. लॉरा शीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९६ व १९९७ या वर्षांत या उपचारांनी जन्मलेल्या ४२,४६३ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांनी जुळी मुले वेगळी काढली, अकाली जन्मलेली मुलेही वेगळी काढली. उरली ती पुरे दिवस भरून एकेकटी जन्मलेली मुले. त्यांच्यातही २५०० ग्रॅमांहून कमी वजनाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या २.६ पट आढळले. याचा अर्थ, हलकेपणाचे कारण केवळ जुळेपणात नव्हते.

मग ते कशात होते? दोनच शक्यता संभवत होत्या. एक, उपचारातच काही दोष असावा. दुसरी, ज्या स्त्रियांना उपचाराची गरज पडते त्यांच्या प्रकृतीतच काही वेगळेपण असावे. ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ हा तुलनेचा पक्ष धरला की या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. येथे नॉर्वेतील रोमुंस्टाड व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक मार्मिक युक्ती योजली. ज्यांना एक मूल उपचाराने व एक मूल स्वाभाविकपणे झाले अशा २५४६ माता त्यांनी राष्ट्रीय नोंदवहीतून शोधून काढल्या आणि भावंडांचीच एकमेकांशी तुलना केली. तेव्हा वजनातील फरक जवळजवळ नाहीसा झाला. तो सुमारे नऊ ग्रॅम उरला. माता एकच धरली की उपचाराचा दोष दिसेनासा होतो, असा निष्कर्ष निघाला. परंतु या गणनेत ताजे व गोठविलेले भ्रूण असा भेद केंद्रस्थानी नव्हता. दोन विरुद्ध दिशांचे फरक एकत्र मिळविले तर बेरीज शून्याच्या जवळ येऊ शकते, ही गोष्ट पुढील अभ्यासांनी ध्यानात आणून दिली.

६

गोठविलेल्या भ्रूणांपासून झालेली मुले ताज्यांपेक्षा वजनाने कमी नाहीत, किंबहुना अधिकच आहेत, अशा नोंदी तुरळकपणे पूर्वीपासून येत होत्या. परंतु २००८ नंतर त्यांना एक सुसंगत रूप आले. मेलबर्नच्या एका संशोधकगटाने त्या वर्षी असे प्रतिपादन केले की, या फरकाचा दोष गोठविण्याकडे न लावता ज्या चक्रात बीजे काढली त्या चक्राकडे लावावयास हवा. म्हणजे प्रश्नच उलटा झाला. ‘गोठविलेले मूल जड का?’ असे न विचारता ‘ताजे मूल हलके का?’ असे विचारावयाचे.

या प्रतिपादनाची कसोटी पाहणारा पुरावा २०११ मध्ये अमेरिकेतून आला. काल्रा व सहकाऱ्यांनी तेथील राष्ट्रीय नोंदींच्या आधारे स्वतःचे बीज वापरणाऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्या स्त्रीचे दान केलेले बीज घेणाऱ्या स्त्रिया असे दोन वर्ग पाडले. दुसऱ्या वर्गात संप्रेरकांचे उद्दीपन दात्या स्त्रीला होते, गर्भ मात्र वाढतो तो उद्दीपन न झालेल्या स्त्रीच्या उदरात. पहिल्या वर्गात ताजे व गोठविलेले यांत वजनाचा फरक स्पष्ट दिसला. दुसऱ्या वर्गात तो दिसला नाही. गोठविण्यामुळेच वजन वाढत असते तर ते दोन्ही वर्गांत वाढावयास हवे होते. यावरून ताज्या भ्रूणाच्या हलकेपणाचे मूळ बीजात वा शीततेत नसून उद्दीपन झालेल्या गर्भाशयात आहे, या मतास मोठे बळ मिळाले. उद्दीपनामुळे स्त्रीसंप्रेरकांची पातळी स्वाभाविक मर्यादेच्या कितीतरी पट वाढते. अशा अस्तरात वार नीट रुजत नाही आणि गर्भाचे पोषण किंचित उणे पडते, अशी याची उपपत्ती सांगण्यात येते. १९७८ पूर्वी एडवर्ड्‌स यांना जो संशय आला होता, तोच येथे वेगळ्या रूपाने पुन्हा पुढे आलेला दिसतो.

परंतु एवढ्यावर विषय संपत नाही. डेन्मार्कमधील भावंडांच्या २०११ मधील अभ्यासात एकाच मातेच्या ताज्या व गोठविलेल्या भ्रूणांपासून झालेल्या मुलांत सरासरी दीडशे ग्रॅमांहून काहीसा अधिक फरक आढळला. येथे एक आक्षेप घेण्यासारखा होता. बहुधा आधी ताजे रोपण होते व उरलेले भ्रूण पुढे वापरले जातात. त्यामुळे गोठविलेले मूल हे बहुतेक वेळा दुसरे अपत्य असते, आणि दुसरे अपत्य पहिल्यापेक्षा सामान्यतः वजनदार असतेच. २०१४ मध्ये पिनबोर्ग व सहकाऱ्यांनी जन्मक्रम लक्षात घेऊन पुन्हा हिशेब केला, तरीही गोठविलेल्या भ्रूणांच्या मुलांत प्रमाणाबाहेर मोठे असण्याचा कल टिकून राहिला. त्याआधी २०१३ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या तीन देशांच्या नोंदी एकत्र करून गोठविलेल्या भ्रूणांपासून झालेल्या ६,६४७ मुलांची ताज्या भ्रूणांपासून झालेल्या ४२,२४२ मुलांशी व स्वाभाविकपणे जन्मलेल्या मुलांशी तुलना केली गेली होती. गोठविलेल्या वर्गात कमी वजनाचे प्रमाण ताज्या वर्गापेक्षा घटलेले होते; परंतु अतिवजनाचे प्रमाण ताज्या वर्गापेक्षाच नव्हे, तर स्वाभाविक मुलांपेक्षाही अधिक होते. ताज्या मुलांचा हलकेपणा गर्भाशयाच्या स्थितीने समजावून सांगता येतो. स्वाभाविक मुलांहूनही अधिक असलेला हा जडपणा त्याने समजत नाही.

पशुवैद्यकास हा अनुभव नवा नव्हता. प्रयोगशाळेत वाढविलेल्या भ्रूणांपासून झालेली वासरे व कोकरे अवाजवी मोठी निपजतात, हे १९९० नंतरच्या दशकात चांगलेच ध्यानात आले होते. २००१ मध्ये यंग व सहकाऱ्यांनी मेंढ्यांत दाखविले की, अशा कोकरांत वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकाच्या कार्यात बदल झालेला असतो. जनुकाची अक्षरे तीच, पण त्यावरील रासायनिक खुणा बदललेल्या. भ्रूण ज्या पोषकद्रवात पहिले काही दिवस राहतो त्याचाही परिणाम होतो, हे माणसांतही सिद्ध झाले. नेदरलंड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८३६ जोडप्यांना यदृच्छेने दोन पोषकद्रवांत वाटले गेले, तेव्हा एका द्रवातील मुले दुसऱ्यापेक्षा सरासरी १५८ ग्रॅमांनी हलकी भरली. ज्या फरकासाठी गोठविण्याचे श्रेय-अपश्रेय ठरवावयाचे, जवळजवळ तेवढाच फरक केवळ द्रव बदलल्याने पडू शकतो, ही गोष्ट अभ्यासकास नम्र करणारी आहे.

७

गर्भाशयाचा दोष मान्य झाल्यावर सर्व भ्रूण गोठवून पुढील चक्रातच रोपण करावे, असा प्रवाह वाढू लागला. त्याची पारख यदृच्छेने वाटणी करून केलेल्या प्रयोगांनी झाली. २०१६ मध्ये चीनमधील चेन झी-ज्यांग व सहकाऱ्यांनी अंडाशयात अनेक पुटिका असण्याचा विकार असलेल्या १,५०८ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. गोठविलेल्या वर्गात जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण ४९.३ टक्के, तर ताज्या वर्गात ४२ टक्के होते. अंडाशयाच्या अतिउद्दीपनाचा धोकादायक विकार ७.१ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर आला. मुलांचे सरासरी वजनही वाढले. परंतु त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती. गर्भारपणी रक्तदाब वाढून मातेच्या जिवावर बेतणारा प्रीएक्लॅम्पसिया हा विकार ताज्या वर्गात १.४ टक्के, तर गोठविलेल्या वर्गात ४.४ टक्के स्त्रियांना झाला होता. २०१८ मध्ये चीनमधील २,१५७ आणि व्हिएतनाममधील ७८२ स्त्रियांवरील दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. हा विकार नसलेल्या स्त्रियांत गोठविण्याने जिवंत जन्मांचे प्रमाण लक्षणीय वाढत नाही, असे दोन्हींत आढळले.

मातेच्या रक्तदाबाचे हे कोडे सोडविताना पुन्हा एकदा तुलनेचा पक्ष बदलावा लागला. ‘गोठविलेले’ हा एकच वर्ग नाही, हे ध्यानात आले. गोठविलेल्या भ्रूणाच्या रोपणासाठी गर्भाशयाची तयारी दोन रीतींनी होते. एकीत स्त्रीच्या स्वाभाविक चक्राची वाट पाहिली जाते; बीज सुटते आणि त्याच्या जागी अंडाशयात पीतपिंड तयार होतो. दुसरीत सर्व संप्रेरके बाहेरून दिली जातात. बीज सुटत नाही, म्हणून पीतपिंडही नसतो. पीतपिंड केवळ गर्भ टिकविणारे संप्रेरकच नव्हे, तर मातेच्या रक्तवाहिन्यांना गर्भारपणाशी जुळवून घेण्यास साहाय्य करणारी रिलॅक्सिनसारखी द्रव्येही निर्माण करतो, आणि ती बाहेरून दिली जात नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व स्वीडनमधील अभ्यासांनी रक्तदाबाच्या विकारांचा वाढीव धोका मुख्यतः या दुसऱ्या रीतीशी निगडित असल्याचे दाखविले. स्वीडनच्या नोंदींत अतिवजनाच्या मुलांचे प्रमाणही त्याच वर्गात अधिक होते. चीनमधील २०१६ च्या प्रयोगात गर्भाशयाची तयारी अशीच बाहेरून संप्रेरके देऊन केलेली होती.

येथे सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगाची पुन्हा आठवण होते. त्यांनी गोठविलेल्या भ्रूणाचे रोपण नैसर्गिक चक्रात केले होते. एका उदाहरणावरून सिद्धांत करता येत नाही, आणि पीतपिंडाचे हे कार्य त्यांना अभिप्रेत होते असे म्हणण्यास आधार नाही. तथापि, ज्या संयोगाकडे आजचे संशोधन वळू पाहत आहे तो त्यांनी १९७८ मध्ये प्रत्यक्षात आणला होता, एवढे विधान निःसंकोचपणे करता येते.

८

या इतिहासाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न उरतो. वर उल्लेखिलेले बहुतेक पुरावे स्कँडिनेव्हिया, अमेरिका व चीन येथील आहेत. नॉर्वेतील मुलाला दीडशे ग्रॅम अधिक वजन लाभले तर त्याचा अर्थ एक. महाराष्ट्रातील मुलाला लाभले तर त्याचा अर्थ तोच असेल असे नाही. याचे कारण पुण्यातच झालेल्या एका कामात आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास हाती घेतला. २००३ मध्ये त्यांनी तेथील नवजात मुलांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या मुलांशी तुलना प्रसिद्ध केली. पुण्याकडील मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर साउथॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु हा तोटा सर्व अवयवांत सारखा वाटलेला नव्हता. स्नायू व पोटातील इंद्रिये यांत तो अधिक होता. त्वचेखालील चरबी त्या मानाने राखली गेली होती. मूल दिसावयास कृश, परंतु चरबीच्या प्रमाणात स्थूल, असे हे वर्णन आहे. पुढील आयुष्यातील मधुमेहाशी याचा संबंध असावा, असा या संशोधकांचा अभिप्राय आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे तराजूच्या साक्षीची मर्यादा कळून येते. गोठविलेल्या भ्रूणामुळे वाढलेले शंभर-दीडशे ग्रॅम कोणत्या द्रव्याचे आहेत, स्नायूंचे की चरबीचे, हे तराजू सांगत नाही. जेथे हलके मूल हीच चिंता पिढ्यान्‌पिढ्या वाहिली गेली आहे, तेथे वजनदार मुलाचे आश्वासन कुटुंबाला सहज मोहात पाडील. अपत्यासाठी आतुर झालेल्या जोडप्याने ‘अमुक पद्धतीने मूल चांगले भरते’ हे वाक्य ऐकले, तर त्याच तक्त्यातील मातेच्या रक्तदाबाची ओळ त्याला कोणी वाचून दाखवील काय, हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहात नाही. मुलाच्या वजनाचा हिशेब मांडताना मातेचे नाव खर्चाच्या बाजूस लिहिले जाणे योग्य नव्हे.

भारतात २०२१ मध्ये सहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद करण्यात आली. नोंदवहीत काय लिहावयाचे हे ठरविताना या इतिहासाचा उपयोग व्हावा. केवळ ‘ताजे’ वा ‘गोठविलेले’ आणि पुढे वजन, एवढे लिहून भागणार नाही. चक्र स्वाभाविक होते की बाहेरून घडविलेले, अपत्य पहिले की दुसरे, दिवस किती भरले, पोषकद्रव कोणता, मातेची उंची, वजन व रक्तदाब काय, या गोष्टींची नोंद नसेल तर पुढील पिढीच्या हाती आकडे येतील, पण त्यांना प्रश्न विचारण्याची सोय राहणार नाही. बर्नसाइड बाईंच्या वह्या ऐंशी वर्षांनी उपयोगी पडल्या, कारण त्या काळजीपूर्वक लिहिल्या गेल्या होत्या. मुखोपाध्याय यांना न्याय मिळाला तोही त्यांची टिपणे शिल्लक राहिली आणि ती प्रामाणिकपणे वाचणारा कोणी भेटला म्हणून. जन्मवजनाचा आकडा खरा असतो. परंतु तो कोणाच्या तुलनेत व कोणत्या परिस्थितीत हे त्याच्या शेजारी लिहिलेले असेल, तरच त्याची साक्ष ग्राह्य धरावी.